गरब्यात वाजवणाऱ्याचा हप्ता: बडोद्यात होम लोन देणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
बडोद्यात होम लोन देणाऱ्या सगळ्या बँका आणि हाउसिंग फायनान्स कंपन्या, त्यांचे क्रेडिट हेड, कलेक्शन हेड, ब्रँच मॅनेजर आणि ज्यांच्या सहीने पॉलिसी ठरते ते वरचे सगळे साहेब आणि मॅडम

विषय: जूनचा हप्ता

नमस्कार,

माझा हप्ता १३,४९६ रुपयांचा आहे, म्हणजे वर्षाचे १,६१,९५२. आधीच सांगून टाकतो, हे पत्र कर्ज माफ करा म्हणून नाहीये, व्याज कमी करा म्हणूनही नाही (केलंत तर नको म्हणणार नाही, तो भाग वेगळा). वर्षाचे एक लाख एकसष्ट हजार मला भरायचेत आणि मला भरता येतात. जमत नाही ते एवढंच की त्याचे बारा सारखे तुकडे करून दर ५ तारखेला एकेक टाकायचा, कारण माझ्याकडे पैसे तसे येतच नाहीत, आणि घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. मी आणि माझी तेरा वर्षांची मुलगी, बस.

मी रिदमवाला आहे. ढोल, ढोलक, ऑक्टोपॅड, आणि घरी तबल्याच्या ट्यूशन. नवरात्रात ग्राउंडवर स्टेजच्या उजव्या बाजूला जे चार-पाच जण घामाने भिजलेले दिसतात त्यातला एक मी. तुमच्यापैकी बरेच जण फॅमिली घेऊन तिथे येता, पास मागता, मी दोनदा तुमच्याच माणसांना पास मिळवून दिलेत.

आता माझं वर्ष कसं असतं ते ऐका, कारण तुमच्या फॉर्मवर 'मासिक उत्पन्न' असा एकच रकाना आहे आणि त्यात मी काय लिहू हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. नवरात्राच्या नऊ रात्री आणि शरद पौर्णिमेची एक, इथे माझ्या वर्षाच्या कमाईचा मोठा भाग येतो. येतो म्हणजे ठरतो, हातात पडतो तो आयोजकाचे स्पॉन्सरकडचे पैसे सुटले की, कधी दिवाळीच्या आधी, कधी दिवाळी उलटून. मग तुळशीच्या लग्नानंतर लग्नं सुरू, संगीत संध्या, वरात, एका आठवड्यात चार-चार कार्यक्रम. डिसेंबरच्या मध्यावर कमुरता, म्हणजे शुभकार्य न करायचे दिवस, लागतात आणि उत्तरायणपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, एक लग्न निघत नाही. पुन्हा जानेवारीच्या अर्ध्यापासून थोडं, एप्रिल-मेमध्ये बरं. आणि मग जून. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, चातुर्मास, मुहूर्त नाहीत, पाऊस आहे, ग्राउंडवर गुडघाभर पाणी. गणपतीत ओळखीतल्या एक-दोन मंडळांचे कार्यक्रम, पितृपक्षात शून्य. ह्याच दिवसांत नवरात्राच्या रिहर्सल जोरात असतात, रोज चार-चार तास, आणि रिहर्सलचे पैसे कोणी देत नाही. ह्या चार महिन्यांत माझ्याकडे येतात ते ट्यूशनचे आणि एका शाळेत आठवड्यातून दोन दिवस शिकवतो त्याचे, मिळून सतरा-अठरा हजार. त्यातून १३,४९६ गेले की उरतात चार हजार, आणि जूनमध्येच मुलीची फी, वह्यापुस्तकं, बूट, रेनकोट, व्हॅनवाल्याचा ॲडव्हान्स. हे गणित मी तुम्हाला सोडवायला देतो. तुमच्याकडे एमबीए झालेले लोक आहेत.

हे लोन २०१८ चं आहे. पंधरा लाख, वीस वर्षं, तरसालीला टू बीएचके. तेव्हा हे लोन माझ्या जिवावर मिळालेलं नव्हतं, ते मिळालं माझ्या बायकोच्या सॅलरी स्लिपवर. ती एका खाजगी शाळेत शिकवायची, तिचा पगार दर महिन्याच्या १ तारखेला जमा व्हायचा आणि ५ तारखेला हप्ता जायचा, मधल्या चार दिवसांत आम्ही तिकडे बघायचोही नाही. माझ्या पैशातून बाकीचं घर चालायचं आणि ते वरखाली झालं तरी चालून जायचं. माझं नाव को-ॲप्लिकंट म्हणून.

आणि इथे एक गंमत झाली, गंमतच म्हणायची आता. लोनबरोबर जी इन्शुरन्स पॉलिसी काढली, कर्जदार गेला तर उरलेलं कर्ज फिटावं म्हणून असते ती, ती तुमच्या लाइनीतल्या माणसाने माझ्या नावावर काढली. का, तर घरातला पुरुष मी. पगार तिचा, हप्ता तिच्या पगारातून, आणि विमा माझ्या जिवाचा. तेव्हा तिने विचारलं होतं, 'माझ्या नावावर का नाही?' तर तो म्हणाला होता, 'मॅडम, नॉर्मली जेन्ट्सच्याच नावावर करतात.' २०२३ मध्ये ती गेली. पॉलिसीचा एक रुपया आला नाही, येणार कसा, मी तर जिवंत आहे.

त्याबद्दल मी इथे भांडणार नाही, तो विषय वेगळ्या टेबलावर चालू आहे. पण पुढे जे झालं ते सांगायला हवं. ती गेल्यावर मी कागद घेऊन ब्रँचला गेलो, डेथ सर्टिफिकेट दिलं, तर पहिला प्रश्न 'आता रेग्युलर इन्कमवालं कोण आहे घरात?' मी म्हटलं मी आहे. तर म्हणे, 'तसं नाही, रेग्युलर.' बहिणीला को-ॲप्लिकंट करा, मेव्हण्याला करा, वडिलांची पेन्शन आहे का. एका मुलाने तर, वयाने माझ्या ट्यूशनच्या पोरांएवढा असेल, अगदी आपुलकीने सांगितलं, 'अंकल, दुसरं लग्न का नाही करत, लेडीज सर्व्हिसवाली असेल तर प्रोफाइल एकदम स्ट्राँग होईल.' रागवायचं सुद्धा सुचलं नाही मला.

लोक विचारतात नोकरी का धरत नाहीस. विचारून बघितलं, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (कारखान्यांच्या वसाहतीत) माझ्या वयाच्या, शिक्षण नसलेल्या माणसाला बारा तासांच्या शिफ्टचे जेवढे मिळतात त्यात ट्यूशन बंद, नवरात्र बंद, लग्नं बंद, म्हणजे वर्षाला आत्तापेक्षा कमी, आणि मुलगी शाळेतून आल्यापासून रात्रीपर्यंत एकटी. आत्ता निदान दुपारी मी घरी असतो, तिचं जेवण, तिचा अभ्यास, सगळं बघतो, रात्री कार्यक्रम असला की शेजारच्या गुजराती मासी तिला जेवायला बोलावतात आणि तिथेच झोपवतात. मासी आहेत म्हणून मी बडोद्यात वाजवू शकतो. बडोद्याबाहेर नाही. नवरात्राआधी अमेरिकेच्या टूर निघतात, गरब्याच्या पार्ट्या, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे ग्रुप, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिकडे शनिवार-रविवारचे कार्यक्रम करत फिरतात, माझ्याबरोबरचे दोघं दरवर्षी जातात, त्यांचा पावसाळा त्यात निघतो. मला विचारतात, मी नाही म्हणतो, कारण दीड महिना मुलीला कोणाकडे ठेवू? एकट्या पालकाचं उत्पन्न कमी का, तर हे असं. काम कमी असतं असं नाही हो, जे काम घेता येतं ते कमी असतं.

बरं, तुम्ही म्हणाल की सीझनमध्ये कमावता तर साठवून ठेवा ना. साठवतो साहेब. पण मी नोव्हेंबरमध्ये हातात चार पैसे जास्त असताना ब्रँचला येऊन विचारलं, की हे जूनच्या हप्त्यात धरा, तर उत्तर आलं की सिस्टीममध्ये तसं होत नाही, पार्ट पेमेंट होईल. पार्ट पेमेंट म्हणजे ते पैसे मुद्दलात जातात. चांगली गोष्ट आहे, फ्लोटिंगवाल्या, म्हणजे व्याजदर वरखाली होणाऱ्या, होम लोनमध्ये त्याचा दंडही घेत नाहीत, बँकांना रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच मनाई केली. पण मुद्दलात गेलेले पैसे जूनला दिसत नाहीत, जूनची ५ तारीख तशीच्या तशी उभी, पूर्ण १३,४९६ घेऊन. म्हणजे नोव्हेंबरमध्ये पन्नास हजार जास्त भरणारा माणूस जूनमध्ये चार हजार कमी पडले म्हणून तुमच्याकडे डिफॉल्टर. हे कुठलं शहाणपण आहे?

म्हणून मी ते पैसे तुम्हाला न देता माझ्याकडेच ठेवायला लागलो, पावसाळ्यासाठी. मग २०२४ चा ऑगस्ट आला. विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी कुठे कुठे शिरलं ते तुम्हाला माहितीये, तुमच्याही ब्रँचा बंद होत्या. आमच्या पार्टीचं सामान ज्या तळमजल्याच्या खोलीत ठेवतो तिथे पाणी भरलं, ढोल फुगले, तबल्याच्या पुड्या सडल्या, शाई सुटून आली, ऑक्टोपॅड तर गेलाच. पुढच्या महिनाभरात नवरात्र, आणि वाद्याशिवाय वाजवणार काय. साठवलेले सगळे तिथे गेले. ५ सप्टेंबरला हप्ता बाउन्स.

बाउन्सचं पण सांगतो, कारण नोकरीवाल्यांना हे कधी बघायला मिळत नाही. खात्यात तेव्हा दहा हजारांच्या आसपास होते. पण नॅचचं मशीन, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापणारी सिस्टीम, दहा घेत नाही, त्याला १३,४९६ पाहिजेत, पूर्ण नाहीतर काहीच नाही. म्हणजे दहा हजार खात्यात तसेच पडून राहिले, मी देणेकरी झालो, तुमचा बाउन्स चार्ज लागला ५९०, माझं खातं आहे त्या बँकेचा रिटर्न चार्ज वेगळा, आणि उशिराचा पीनल चार्ज तिसरा. पीनलवर रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ ला सर्क्युलर काढलं, दंड व्याजदरात चढवायचा नाही, दंडावर व्याज लावायचं नाही, २०२४ पासून ते लागू झालं, त्याचा फायदा मला झाला, जे चांगलं झालं ते सांगायला पाहिजे. पण क्रेडिट स्कोअरचा रिपोर्ट १ जानेवारी २०२५ पासून दर पंधरा दिवसांनी जायला लागला, म्हणजे आमच्यासारख्याची चूक पोचायचा स्पीड तेवढा वाढला.

मग तुमचे फोन. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, घरच्यांना आणि रेफरन्सवाल्यांना त्रास द्यायचा नाही, हे २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट सांगितलंय. माझ्या बहिणीला नाशिकला फोन गेला. आणि एकदा मुलीला, तिच्याकडे जुना फोन असतो ना शाळेच्या ग्रुपसाठी, तो नंबर मी कधीतरी ओटीपी येत नव्हता म्हणून दिला होता. 'पप्पाला सांग ईएमआय भरायचा आहे, नाहीतर घरी माणूस येईल.' तेरा वर्षांच्या मुलीला! ती मला काही बोलली नाही, तिने फक्त विचारलं की क्लासची फी ह्या महिन्यात नाही दिली तर चालेल का, तेव्हा मला संशय आला आणि मी फोन बघितला. आणि हो, सकाळी ८ वाजता फोन करणं नियमात बसतं, मान्य, पण नवरात्रात मी रात्री दोनला घरी येतो, तुमच्याच हप्त्याचे पैसे कमावून.

आता कोणी म्हणेल की जमत नाही तर लोन दुसऱ्या बँकेत हलव. इथे नीट लक्ष द्या, कारण हे फार लोकांना माहीत नसतं, मलाही नव्हतं. रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, २०२२ च्या मेपासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत ४ वरून ६.५० वर गेला, तेव्हा माझा हप्ता तेवढाच ठेवून मुदत वाढवली गेली, मला न विचारता, स्टेटमेंट काढल्यावर कळलं. विचारून करा, हप्ता वाढवायचा की मुदत ते कर्जदाराला निवडू द्या, असा नियम नंतर आला, त्याच ऑगस्ट २०२३ मध्ये. मग २०२५ च्या फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला, सव्वा टक्का. बँकांचे फ्लोटिंग होम लोन ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेत, त्यांना तो उतार द्यावाच लागतो, पण हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ते बंधन नाही, त्या आपला आपला दर ठरवतात. माझं लोन अशाच कंपनीचं, माझा दर सव्वानऊवरून नऊ झाला. पाव टक्का, तोही अर्ज केल्यावर.

म्हणजे बँकेत हलवणं शहाणपणाचंच होतं. गेलो एका बँकेत. त्यांनी टायटल, म्हणजे मालकीचे कागद, बघितले. फ्लॅट आम्हा दोघांच्या नावावर, बायकोचं मृत्युपत्र नाही, तर तिचा अर्धा हिस्सा हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवरा आणि मुलीत वाटला जातो, म्हणजे फ्लॅटचा चौथा हिस्सा आज माझ्या मुलीचा आहे. ती अज्ञान, आणि अज्ञानाच्या मालमत्तेवर गहाण ठेवायचं असेल तर १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ८ म्हणतं की बापालासुद्धा आधी कोर्टाची परवानगी पाहिजे. जुनं गहाण चालू राहतं, ते आधीचं आहे. पण नव्या बँकेत जायचं म्हणजे नवं गहाण, म्हणजे कोर्ट, वकील, तारखा. कायदा बरोबर आहे, उद्या एखादा बाप दारूपायी पोरीचा हिस्सा गहाण टाकेल म्हणून तो आहे, माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण परिणाम काय झाला? जोडीदार गेलेला माणूस, जो सगळ्यात जास्त अडचणीत आहे, तोच लोन हलवू शकत नाही. आणि तुम्हाला ते माहितीये. बाकीच्या गिऱ्हाइकाला निदान 'बॅलन्स ट्रान्सफर करतो' म्हटलं की तुम्ही दर कमी करून देता, माझ्यासारखा काय बोलणार, बसलाय बिचारा पोरीची अठरा वर्षं पूर्ण व्हायची वाट बघत.

तर माझी मागणी. जून ते सप्टेंबर चार महिने मी फक्त व्याज भरतो. माझी बाकी साडेबारा लाखांच्या आसपास आहे, ९ टक्क्यांनी महिन्याचं व्याज ९,३७५. म्हणजे दर महिन्याला ४,१२१ कमी, चार महिन्यांचे १६,४८४. ऑक्टोबरचा हप्ता नेहमीसारखा पूर्ण, आणि नोव्हेंबरच्या ५ तारखेला नेहमीच्या हप्त्याबरोबर हे १६,४८४ एकरकमी. तुमचं नुकसान किती? मी वहीत मांडलं, मग मुलीने कॅल्क्युलेटरवर तपासलं: उशिराचं व्याज धरून ४३३ रुपये. वर्षाचे चारशे तेहतीस. ते सुद्धा मी देतो, घ्या ना, वरून देतो. त्याऐवजी आज काय होतं, तर एका बाउन्सचेच ५९० आणि वरचे दोन चार्ज, तुमच्या कलेक्शनवाल्या पोराचा पगार, त्याचं पेट्रोल, आणि माझा स्कोअर खड्ड्यात.

'सिस्टीममध्ये ऑप्शन नाही' हे वाक्य कृपा करून म्हणू नका. बिल्डिंग बांधून होईपर्यंत लोकांकडून दोन-दोन, तीन-तीन वर्षं फक्त व्याज घेता ना तुम्ही, त्याला प्री-ईएमआय म्हणता. सिस्टीम ते करते. २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट अख्ख्या देशाला हप्ते थांबवायची मुभा होती, तेव्हाही तुमच्या सिस्टीमने केलं, आणि व्याज बरोबर मोजलं, एक पैसा विसरली नाही. पगार वाढत जाईल अशा तरुण पोरांना स्टेप-अप, म्हणजे आधी कमी आणि मग वाढत जाणारे, हप्ते देता. मोठ्या लोनवाल्यांना ओव्हरड्राफ्टचं होम लोन देता, जास्तीचे पैसे खात्यात टाका, व्याज कमी, लागले की काढा. माझ्यासारख्याला तर तेच सगळ्यात जास्त उपयोगाचं, पण ब्रोशर मला कधी दाखवलं नाही कोणी.

शेतकऱ्याचं बघा. तीन महिने थकलं की आमचं खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जांच्या यादीत, पण कमी मुदतीच्या पिकाच्या कर्जाला रिझर्व्ह बँक दोन हंगाम थांबते, लांब मुदतीच्या पिकाला एक हंगाम, कारण पीक आल्याशिवाय पैसे येणार नाहीत हे दिल्लीपासून गल्लीपर्यंत सगळ्यांना कळतं. नवरात्र हा माझा खरीप आहे आणि लग्नसराई रब्बी. मी तर दोन हंगाम मागतच नाहीये, चार महिने मागतोय, तेही व्याज भरून. आणखी एक सांगतो. २०२२ च्या मायक्रोफायनान्सच्या नियमांत रिझर्व्ह बँकेने लिहिलंय की कर्जदाराच्या सोयीप्रमाणे हप्त्यांचा कालावधी ठेवता यावा अशी पॉलिसी तुमच्या बोर्डाने केली पाहिजे. ते कर्ज कोणतं, तर वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्नवाल्या घरांचं, विनातारण. म्हणजे काहीही तारण न ठेवणाऱ्याला सवलत, आणि ज्याने अख्खं घर तुमच्याकडे लिहून दिलंय, ज्याचे ओरिजिनल कागद तुमच्या तिजोरीत आहेत, त्याला नाही.

तुमची अडचण मला समजते, अगदीच नाही असं नाही. चालू लोनची मुदत-हप्ता अडचणीमुळे बदलला तर त्याला रीस्ट्रक्चरिंग म्हणतात आणि खातं खालच्या वर्गात जातं, हे मला एका चांगल्या मॅनेजरने समजावून सांगितलं, ब्रँचच्या बाहेर, चहा पिताना. म्हणूनच सांगतोय की अडचण झाल्यावर करू नका, आधीच करा. लोन देतानाच विचारा की पैसे कोणत्या महिन्यांत येतात. आणि कमावणारा जोडीदार गेला, घटस्फोट झाला, घर एकावर आलं, की त्या दिवशी, एकही हप्ता चुकायच्या आधी, खातं पूर्ण स्वच्छ असताना, समोर बसवून नवीन वेळापत्रक द्या. मी डेथ सर्टिफिकेट घेऊन आलो होतो तेव्हा माझा एकही हप्ता थकलेला नव्हता. त्या दिवशी टेबलाच्या पलीकडच्या माणसाकडे मला देण्यासारखं काहीतरी असायला पाहिजे होतं, एखादा फॉर्म तरी.

आणि हा माझ्या एकट्याचा रडका राग नाहीये. आमच्याच बिल्डिंगमध्ये खाली एक ताई चणियाचोळी शिवतात, दोन मुलं, नवरा सोडून गेलेला. श्रावणापासून नवरात्रापर्यंत रात्री दोन-दोनपर्यंत मशीन चालू, घेराला लेस लाव, आभले लाव, आणि दिवाळीनंतर फॉल-पिको. त्यांचं उलटं आहे, त्यांना पावसाळ्यात पैसे आणि उन्हाळा कोरडा. मंडपवाले, केटरिंगवाले, लग्नाचे फोटोग्राफर, मेंदीवाल्या, ढोलताशावाले, ह्या गावात सीझनवर जगणारी किती घरं असतील. गरबा डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला, तेव्हा बडोद्यात सगळ्यांनी स्टेटस टाकले, तुमच्या ब्रँचमध्येही नवरात्रात ट्रॅडिशनल डे असतो, बघितलाय मी. गरब्यावर जगणारा मात्र तुमच्याकडे 'निगेटिव्ह प्रोफाइल'.

ह्याच गावात, साहेब, सयाजीराव महाराजांच्या वेळी कलावंत कारखाना म्हणून खातं होतं. गाणारे-वाजवणारे संस्थानच्या पगारावर असायचे. उस्ताद फैयाज खाँसाहेब इथले दरबारी गायक. १८८६ ला मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झाली, आजचं सुरसागरकाठचं म्युझिक कॉलेज तिच्यातूनच आलं. आणि त्याच महाराजांनी १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा काढली. (माझं लोन तिथे नाही, उगाच कोणी गैरसमज करून घेऊ नका.) एका माणसाला बँकही कळत होती आणि तबलजीचं पोटही कळत होतं. मला संस्थानचा पगार नको, ते दिवस गेले. फक्त ज्या गावात हे झालं तिथल्या लोन ऑफिसरला ढोलवाल्याच्या बँक स्टेटमेंटकडे बघून 'इन्कम अनस्टेबल' लिहायच्या आधी बारा महिन्यांचा आकडा एकत्र करून बघावासा वाटला पाहिजे. माझा नवरात्राचा आकडा गेल्या पाच वर्षांत एकदाही खाली आलेला नाही. कितीतरी प्रायव्हेट कंपन्यांतल्या पगारदारांना हे सांगता येणार नाही.

माझा अर्ज ब्रँचमध्ये दिलेला आहे, पोच माझ्याकडे आहे. त्यात वरचंच लिहिलंय: जून ते सप्टेंबर व्याज, नोव्हेंबरमध्ये बाकीचं अधिक ४३३. ते जमणार नसेल तर दुसरा उपाय त्याहून सोपा, नोव्हेंबर ते मे मी जे जास्तीचं भरीन ते मुद्दलात न टाकता पुढच्या चार हप्त्यांच्या नावाने बाजूला ठेवा, व्याजही नका देऊ त्यावर. दोन्हीपैकी काय ते जूनच्या ५ तारखेच्या आधी कळवा. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, पण कागदावर, कारणासकट, कोणाच्या सहीने नाही म्हणताय ते लिहून. फोनवर नको.

आपला,
तरसालीचा एक खातेदार, बडोदा

ता. क. माझ्या फाइलमधून मुलीचा नंबर काढून टाका. त्याचा वेगळा अर्ज त्याच दिवशी दिलाय, त्याची पण पोच आहे.